चेन चू : लष्करी तुरुंगातून कामगार खात्याच्या खुर्चीपर्यंत

रानवारा (धागाकर्ता)

२१ ऑगस्ट २००५ च्या रात्री तैवानच्या दक्षिणेला, काओशुंगजवळच्या कांगशानमध्ये थाई कामगारांनी आपल्याच वसाहतीत जाळपोळ केली. हे सगळे काओशुंगच्या मेट्रोच्या बांधकामावरचे मजूर. मागण्या वाचल्या की पोटात कालवतं. ओव्हरटाइमचे पैसे पूर्ण द्या, खोलीवर मोबाइल वापरू द्या, वसाहतीतल्या दुकानात टोकनं घेऊनच खरेदी करायची सक्ती काढा, टीव्हीवर थाई वाहिन्या लावा. एवढं मिळवायला गाड्या आणि कचेऱ्या पेटवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीने बहुतेक मागण्या मान्य केल्या. म्हणजे देण्यासारखं होतं, पण आदल्या दिवसापर्यंत कोणाला द्यावंसं वाटलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात देशाच्या कामगार खात्याच्या प्रमुख चेन चू यांनी या प्रकरणाची जबाबदारी घेऊन पद सोडलं. त्यांच्याबद्दल मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १९५० चा. ईशान्य तैवानातल्या यीलान जिल्ह्यातलं शेतकरी घर. एकोणिसाव्या वर्षी त्या कुओ यू-शिन या प्रांतिक विधानसभेतल्या विरोधी नेत्याच्या सचिव झाल्या. तेव्हा तैवानात कुओमिंतांग या एकाच पक्षाची सत्ता होती आणि १९४९ पासून लष्करी कायदा चालू होता. नवा पक्ष काढायला बंदी होती. विरोधात असायचं तर एकेकट्याने, अपक्ष म्हणून. कुओंच्या कचेरीत बसून पत्रं लिहिणारी, राजकीय कैद्यांच्या घरच्यांना भेटणारी ही मुलगी पोलिसांच्या नजरेत यायला वेळ लागला नाही. १९७८ मध्ये पहिली अटक झाली. बाहेरच्या देशांतून दबाव आल्यामुळे थोड्याच दिवसांत सुटका झाली.

मग १० डिसेंबर १९७९. जागतिक मानवी हक्क दिन. 'फॉर्मोसा' या विरोधकांच्या मासिकाच्या मंडळींनी काओशुंगमध्ये सभा घेतली, पोलिसांशी झटापट झाली आणि सरकारला हवं ते निमित्त मिळालं. चेन चू मासिकाच्या काओशुंग कचेरीच्या उपप्रमुख होत्या. आठ प्रमुख आरोपींवर लष्करी न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. त्यात दोघी स्त्रिया : चेन चू आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अ‍ॅनेट लू. खटल्याआधी, २८ फेब्रुवारी १९८० ला, सहआरोपी लिन यी-शिउंग यांच्या आईचा आणि जुळ्या मुलींचा राहत्या घरी खून झाला. घरावर पोलिसांची पाळत असताना. खुनी आजतागायत सापडलेला नाही. चेन चूंनी कोठडीत मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं, फाशीच होणार असं धरून. शिक्षा झाली बारा वर्षांची. सहा वर्षं भोगून १९८६ च्या फेब्रुवारीत त्या सुटल्या. त्याच सप्टेंबरात डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी (डीपीपी) स्थापन झाली आणि पुढच्या जुलैत लष्करी कायदा उठला.

इथपर्यंतची गोष्ट तैवानात शाळकरी पोरांनाही माहीत असते. मला लिहायचंय ते नंतरच्या भागाबद्दल. बाहेर आल्यावर मानवी हक्क संघटनेचं काम केलं. १९९४ मध्ये चेन श्वी-ब्यान तैपेईचे महापौर झाले आणि त्यांनी चेन चूंना समाजकल्याण विभाग दिला. १९९८ नंतर काओशुंगचे महापौर फ्रँक शिए यांच्याकडे तेच काम. ज्या माणसांनी त्यांना नोकरीवर घेतलं ते दोघेही फॉर्मोसा खटल्यातले बचावाचे वकील, हे लक्षात घ्या. २००० मध्ये डीपीपीचे चेन श्वी-ब्यान राष्ट्राध्यक्ष झाले आणि चेन चू कामगार खात्यात आल्या. त्या वेळी त्याला 'काउन्सिल ऑफ लेबर अफेअर्स' म्हणत. दर्जा मंत्रालयाचा, पण मंत्रालय हे नाव २०१४ मध्ये मिळालं.

पाच वर्षांत पुढचे कायदे झाले. अपघातग्रस्त कामगारांच्या संरक्षणाचा कायदा, रोजगार विमा, मोठ्या कपातीच्या वेळी कामगारांना संरक्षण देणारा कायदा, आणि दोन फार मोठे : नोकरीतल्या स्त्री-पुरुष समानतेचा आणि नव्या निवृत्तिवेतनाचा.

समानतेच्या कायद्यामागे १९८७ चं एक प्रकरण आहे. तैपेईच्या सुन यत-सेन स्मारक सभागृहातल्या बायकांकडून नोकरीला लागतानाच लिहून घेतलं होतं की वयाची तिशी गाठली किंवा दिवस गेले की राजीनामा देईन. सरकारी सभागृह हे! तिथून स्त्री संघटनांनी कायद्याचा मसुदा हाती घेतला. उद्योगपतींनी तो संसदेत दहा वर्षांहून जास्त अडवून धरला. २००१ च्या डिसेंबरात तो मंजूर झाला आणि २००२ च्या ८ मार्चला लागू झाला. लग्न किंवा गरोदरपण या कारणाने काढून टाकता येणार नाही, आठ आठवडे बाळंतपणाची रजा, महिन्याला एक दिवस पाळीची रजा, लैंगिक छळाला आळा घालण्याची जबाबदारी मालकावर.

निवृत्तिवेतनाचं सविस्तर कोणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन.

माझं म्हणणं असं. चेन चूंचं नाव निघालं की लोक तुरुंग सांगतात, नाहीतर काओशुंगच्या महापौर म्हणून मिळालेली लोकप्रियता सांगतात. मधली पाच वर्षं गाळली जातात. पण त्यांच्या आयुष्याचा खरा कस तिथे लागला. सत्तेकडून मार खाल्लेला माणूस सत्तेत बसल्यावर कोणासाठी उभा राहतो, हे तिथे दिसतं. आणि कोण सुटून जातं, तेही.

चाफेकळी

फार छान लिहिलंय. लिन यी-शिउंग यांच्या घरचं वाचून सुन्न झाले. त्यातल्या कोणी वाचलं का?

रानवारा

@चाफेकळी, थोरली मुलगी गंभीर जखमी झाली होती, पण वाचली. ते घर पुढे प्रार्थनामंदिर झालं.

गिरणगावकर

मी युनियनमध्ये उमेदीची वर्षं घातली, म्हणून निवृत्तिवेतनाचं विचारतो. आधी काय होतं आणि यांनी काय केलं? आमच्याकडे ग्रॅच्युइटीचा पाच वर्षांचा नियम आहे. पाच भरायच्या आत माणसाला ब्रेक देतात आणि नव्याने घेतात. मी ज्या कारखान्यात होतो तिथे तर हे दरवर्षी चालायचं. बायका विशेषतः. तोंडाने गोड बोलून सही घ्यायचे.

रानवारा

@गिरणगावकर, तुम्ही बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंत. तैवानात दुखणं तेच होतं, फक्त वर्षं जास्त.

१९८४ च्या कामगार कायद्यानुसार पेन्शन मिळायला *एकाच* मालकाकडे पंधरा वर्षं नोकरी आणि वय पंचावन्न, किंवा मग सलग पंचवीस वर्षं नोकरी लागायची. तैवानचे उद्योग मुख्यतः छोटे. घरगुती कारखाने, पाच-पन्नास माणसं. अशी कंपनी पंधरा-पंचवीस वर्षं टिकणंच मुश्कील. त्यात नव्वदच्या दशकात कारखाने उचलून चीनमध्ये न्यायची लाट आली. कंपनी बंद की हक्क बुडाला. कागदावर पेन्शन सगळ्यांना, हातात फार थोड्यांच्या.

जून २००४ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जुलै २००५ ला लागू झालेल्या कायद्याने हिशोबच बदलला. प्रत्येक कामगाराच्या नावाने स्वतंत्र खातं. मालकाने दर महिन्याला पगाराच्या किमान ६ टक्के त्यात भरायचे. नोकरी बदलली, कंपनी बुडाली, तरी खातं कामगाराबरोबर जातं. जुन्या कामगारांना जुनी किंवा नवी योजना निवडायची मुभा होती. आपल्या पीएफची कल्पना असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण तिथल्या कामगाराला मालकाच्या मर्जीतून सोडवणारी ही गोष्ट होती.

तारखा पाहा मात्र. १ जुलैला हा कायदा लागू झाला आणि २१ ऑगस्टला कांगशान पेटलं.

गिरणगावकर

६ टक्के मालकाचे. कामगाराकडून सक्तीने काही नाही?

रानवारा

नाही. कामगाराला वाटलं तर तोही ६ टक्क्यांपर्यंत भरू शकतो, ऐच्छिक.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण जरा एका बाजूला झुकलाय असं स्पष्ट सांगतो. किमान वेतनाचं का लिहिलं नाहीत? १९९७ मध्ये ते महिना १५,८४० तैवानी डॉलर होतं. पुढची वाढ झाली २००७ च्या जुलैत. म्हणजे चेन चूंच्या पूर्ण पाच वर्षांत एक डॉलरही वाढलं नाही. कामगार नेत्यांनी त्यांना यावरून धारेवर धरलं होतं.

दुसरं, कामाचे तास. दोन आठवड्यांना ८४ तास हा नियम २००१ मध्ये आला आणि श्रेय डीपीपीच्या काळाला जातं. पण सरकारचा प्रस्ताव आठवड्याला ४४ तासांचा होता! ८४ चा आकडा संसदेत बहुमत असलेल्या कुओमिंतांगने रेटला. डीपीपी सत्तेत आल्याबरोबर उद्योगपतींच्या दबावाखाली आली, हे मान्य करायला हवं.

रानवारा

@प्रश्नचिन्ह, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मूळ लेखात यायला हवेत असेच आहेत. फक्त काळाचं चित्र जोडतो. २००१ मध्ये तैवानची अर्थव्यवस्था आक्रसली आणि २००२ मध्ये बेकारी ५ टक्क्यांच्या वर गेली. तिथल्या लोकांनी एवढी बेकारी कधी पाहिली नव्हती. संसदेत बहुमत नव्हतं. मंत्रिमंडळात अर्थखात्याचं वजन कामगार खात्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

हे समर्थन नाही. किमान वेतन गोठलेलं राहणं हे त्यांच्या कारकिर्दीतलं अपयशच. त्याहून मोठं मला दुसरं वाटतं. २००१ मध्ये सरकारने उद्योगांना सवलत म्हणून परदेशी कामगाराच्या पगारातून राहण्या-जेवण्याचे महिन्याला ४,००० डॉलरपर्यंत कापून घ्यायला परवानगी दिली. १५,८४० मधून ४,०००! त्यावर एजंटची फी, मायदेशी काढलेल्या कर्जाचा हप्ता. कांगशानच्या वसाहतीतल्या माणसाच्या हातात काय उरत असेल ते तुम्हीच मांडा.

शिंचूकर

मी शिंचूला सेमीकंडक्टरमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. रोज जे पाहतो ते लिहितो.

आमच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत सकाळी व्हीलचेअरवर म्हातारे असतात आणि प्रत्येक खुर्चीमागे एक इंडोनेशियन नाहीतर फिलिपिनो बाई. आजोबांना आंघोळ, जेवण, औषधं, रात्रीचं उठणं-बसणं, सगळं तिच्याकडे. अनेकजणींना रविवारीही सुट्टी नसते. ज्यांना असते त्या तैपेईच्या मुख्य स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर बसून डबे खातात, गप्पा मारतात. २०२० मध्ये रेल्वेने तिथे बसायला कायमची बंदी घालायचा विचार केला, तेव्हा बरेच तैवानी तरुण निषेध म्हणून स्वतः जाऊन बसले. मला या देशाचं ते रूप फार आवडतं.

पण कायद्याचं सांगतो. घरात राहून काम करणाऱ्या या बायका तिथल्या मुख्य कामगार कायद्यात बसतच नाहीत. कामाचे तास, ओव्हरटाइम, साप्ताहिक सुट्टी, काहीच कायद्याने बांधलेलं नाही. चेन चूंच्या काळात नव्हतं, आजही नाही.

चाफेकळी

@शिंचूकर, हे वाचून धक्का बसला. इतक्या प्रगत देशात? त्यावर कधी प्रयत्नच झाला नाही का?

रानवारा

@चाफेकळी, झाला, आणि तोही चेन चूंच्याच काळात. २००३ च्या फेब्रुवारीत लिऊ शिया या लेखिकेचा मृत्यू झाला. लहानपणापासून संधिवाताने जखडलेल्या, अपंगांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या, राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार. त्यांच्या इंडोनेशियन सेविकेने मानसिक तोल गेलेल्या अवस्थेत त्यांना ओढलं-हिसडलं आणि त्यातून त्या गेल्या. चौकशीत पुढे आलं की सेविकेला सुट्टी अशी मिळतच नव्हती. लिऊ शियांच्या आई-वडिलांनी सूड मागितला नाही, तिला क्षमा केली.

त्यानंतर स्थलांतरित कामगारांच्या आणि स्त्रियांच्या संघटनांनी मिळून घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा बनवला. सेवा घेणारी आणि सेवा देणारी, दोघींची दमछाक थांबावी म्हणून. तो कायदा आजवर झालेला नाही. कारण उघड आहे. म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची सरकारी व्यवस्था अपुरी, त्यामुळे लाखो मतदार कुटुंबं स्वस्त सेविकेवर अवलंबून. सेविकेला मत नाही.

लेखाच्या शेवटी मी 'कोण सुटून जातं' म्हटलं ते हेच.

कृष्णाकाठ

राजीनाम्यानंतर काय झालं? एवढ्या मोठ्या प्रकरणानंतर राजकारण संपायला हवं होतं.

रानवारा

@कृष्णाकाठ, संपलं नाही. आणि गंमत नाही म्हणत, पण ज्या शहरात १९७९ मध्ये पकडलं, ज्या शहराच्या मेट्रोपायी २००५ मध्ये पद गेलं, त्याच काओशुंगच्या त्या डिसेंबर २००६ मध्ये महापौर झाल्या. फक्त १,११४ मतांनी! प्रतिस्पर्धी कोर्टात गेले, खालच्या कोर्टाने निवडणूक रद्द ठरवली, वरच्या कोर्टाने ती कायम केली. ती मेट्रो त्यांच्याच कारकिर्दीत २००८ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये वर्ल्ड गेम्स झाले. त्याच ऑगस्टमध्ये मोराकोट वादळाने श्याओलिन गाव डोंगराखाली गाडलं गेलं, तेव्हा दक्षिणेतल्या डीपीपीच्या इतर स्थानिक प्रमुखांसोबत त्यांनी दलाई लामांना मृतांसाठी प्रार्थनेला बोलावलं. चीनचा राग पत्करून.

२०१४ च्या ३१ जुलैच्या रात्री रस्त्याखालच्या रासायनिक पाइपलाइनमधून वायू गळून स्फोटांची मालिका झाली, ३२ माणसं गेली. पालिकेवर टीका झाली. तरीही त्याच नोव्हेंबरात त्या ६८ टक्के मतांनी निवडून आल्या. लोक त्यांना लाडाने 'ह्वा मा' म्हणतात, फुलांची आई. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्साय यांच्या कार्यालयाच्या महासचिव, २०२० मध्ये कंट्रोल युआन या सरकारी कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष आणि मानवी हक्क आयोगाच्या प्रमुख. त्या नेमणुकीला कुओमिंतांगने एवढा विरोध केला की आमदारांनी संसदेचं सभागृह अडवून धरलं.

निळावंती

मला २०२४ मधलं ते प्रकरण आठवलं. तैवानच्याच कामगार मंत्री होत्या ना, ज्यांनी ईशान्य भारतातल्या लोकांच्या रंगाबद्दल काहीतरी म्हटलं होतं? माझी गुवाहाटीची मैत्रीण फार दुखावली होती.

रानवारा

@निळावंती, हो. श्यू मिंग-चुन. त्या मूळच्या वकील, चेन चूंच्या हाताखाली काओशुंगच्या उपमहापौर होत्या आणि २०१८ ते २०२४ कामगार मंत्री. म्हणजे हा विषय धाग्याला सोडून नाही.

झालं असं. १६ फेब्रुवारी २०२४ ला भारत आणि तैवानमध्ये कामगार पाठवण्याचा करार झाला. त्याच्या काही महिने आधी 'एक लाख भारतीय येणार' अशी अफवा तिथल्या समाजमाध्यमांवर पसरली होती आणि भारतीयांविरुद्ध अतिशय गलिच्छ लिहिलं गेलं होतं. आकडा खोटा आहे हे श्यू यांनी तेव्हाच सांगितलं. पण करार झाल्यावर एका मुलाखतीत त्या बोलून गेल्या की सुरुवात ईशान्य भारतातून करू, कारण त्यांचा वर्ण आणि खाणंपिणं आपल्याजवळचं आहे आणि बरेचजण ख्रिस्ती आहेत. लोकांना शांत करायला निघालेल्या बाईंनी वंशवादी भीतीच मान्य करून टाकली. तैवानातच टीकेची झोड उठली. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी माफी मागितली, परराष्ट्र खात्यानेही मागितली.

मला राग आला होता, अजूनही येतो. चेन चूंच्या शहरात घडलेल्या, मानवी हक्कांची परंपरा सांगणाऱ्या पक्षातल्या मंत्र्याने हे बोलावं!

शिंचूकर

त्या अफवेच्या दिवसांत ऑफिसातल्या तैवानी सहकाऱ्यांनी मला येऊन विचारलं होतं, तू ठीक आहेस ना. हेही नोंदवतो. पण मी इंजिनियर आहे, माझ्याकडे एजंट नाही, कर्ज नाही, नोकरी माझी मी बदलू शकतो. करारानुसार जे भारतीय येतील त्यांची अवस्था वेगळी असणार. नोकरी बदलण्यावर बंधनं, मधे एजंट. ईशान्येतला असो की बीडचा, मुख्य प्रश्न रंगाचा नसून कागदपत्रं कोणाच्या हातात आहेत हा असेल.

गिरणगावकर

@शिंचूकर अगदी खरं. आमच्याकडून आखातात गेलेल्यांच्या पासपोर्टचं काय होतं ते पाहिलंय.

प्रश्नचिन्ह

राजीनाम्याचा विषय निघालाय म्हणून एक भर. श्यूंच्या नंतर आलेल्या हो पेई-शान यांनाही नोव्हेंबर २०२४ मध्ये जावं लागलं. कामगार मंत्रालयाच्याच एका कचेरीतल्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांच्या छळामुळे आत्महत्या केली आणि मंत्रालयाचा पहिला अहवाल वरिष्ठाला सांभाळून घेणारा निघाला. लोक खवळले. सहा महिन्यांत पद गेलं. कामगार खात्याची खुर्ची तिथे जड आहे एवढं नक्की.

चाफेकळी

जबाबदारी घेऊन जाणं अजून तिथे होतं, याचं मला मोल वाटतं. रानवारा, एक राहिलं. श्यूंच्या काळात वेतनाचं काही बरं झालं का? की गोठलेलंच?

रानवारा

@चाफेकळी, झालं, आणि त्याचं श्रेय श्यूंना द्यायला हवं. त्साय यांच्या आठ वर्षांत किमान वेतन दरवर्षी वाढलं, २०१६ मधल्या २०,००८ वरून २०२४ मध्ये २७,४७०. डिसेंबर २०२३ मध्ये किमान वेतनाचा स्वतंत्र कायदाही मंजूर झाला. कारखान्यातल्या परदेशी कामगाराला हे वेतन लागू आहे.

घरातल्या सेविकेला नाही. तिचा पगार वेगळा ठरतो. बरीच वर्षं १७,००० होता, ऑगस्ट २०२२ पासूनच्या नव्या करारांना २०,००० झाला. शिंचूकरांच्या बागेतल्या बाईला, चोवीस तास घरात राहून, कारखान्यातल्या कामगारापेक्षा २०२४ मध्ये महिन्याला ७,४७० डॉलर कमी.